रोज थोडं पाणी

सासूबाईंना आम्ही नोव्हेंबरात जर्मनीला बोलावलं. त्या मे महिन्यात येते म्हणत होत्या. "थंडीत नको गं मला, गुडघे धरतात," असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. पण त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला कोलोनला नोकरी लागली. तो सोमवारी जायचा आणि शुक्रवारी परत यायचा. माझं ऑफिस वाल्डॉर्फला, आणि दुपारी शाळेतून घरी येणाऱ्या सात वर्षांच्या मुलीजवळ कोणीतरी हवं होतं. आम्ही त्यांना सांगितलं, नात आठवण काढते, ख्रिसमसचे बाजार बघाल, बर्फ बघाल. यातलं काही खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं, आणि त्यांनाही ते कळत असणार. तरी त्या आल्या.

आमचं घर वाल्डॉर्फच्या जवळच्या एका गावात आहे. जोडघर. एकाच इमारतीचे मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले. एका भागात आम्ही, आणि दुसऱ्या भागात ऐंशी ओलांडलेल्या एक जर्मन आजी, एकट्या. आमची मुलगी त्यांना ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणायची.

सासूबाई येऊन दोन आठवडे होत नाहीत तोच हायझुंग, म्हणजे गरम पाणी फिरवून घर तापवणारी यंत्रणा, बंद पडली. सकाळी उठले तर सगळे रेडिएटर गार, नळाचं पाणी बर्फासारखं, आणि स्वयंपाकघरात सासूबाई स्वेटरवर शाल आणि शालीवर माझं जॅकेट चढवून चहा करत होत्या.

"काहीतरी बिघडलंय वाटतं," त्या म्हणाल्या. जणू त्यांनीच बिघडवलं होतं अशा आवाजात.

बॉयलर तळघरात. खाली जाऊन पाहिलं तर त्यावरचा प्रेशरचा काटा जवळजवळ शून्यावर. तबकडीवर एक हिरवा पट्टा असतो, काटा त्या पट्ट्यात हवा. मी फोनवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले. नळाला होज लावायचा, त्याचं दुसरं टोक हायझुंगच्या पाइपला, आणि हळूहळू पाणी सोडायचं. काटा वर सरकला, बॉयलर घुरघुरला. मग छोट्या चावीने एकेका रेडिएटरमधली हवा काढली. मी चावी फिरवायची आणि सासूबाईंनी खाली वाटी धरायची. सुस्स करून हवा निघायची, मग पाण्याची पिचकारी. दुपारपर्यंत घर ऊबदार झालं. इंजिनिअर असल्याचा इतका आनंद मला ऑफिसात कधी झाला नव्हता.

पण काटा पुन्हा खाली आला. मग मी हायझुंगवाल्याला फोन केला. घरात म्हातारं माणूस आहे, लहान मूल आहे, असं दोनदा सांगितल्यावर तो आला. धिप्पाड, हसतमुख माणूस. दारातच त्याने विचारलं, "तुमचे मिस्टर आहेत का घरी?" नाहीत म्हटल्यावर जरा खट्टू होऊन तो तळघरात उतरला. गरम झालं की पाणी फुगतं, त्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरशेजारी एक लाल टाकी असते. तिच्यावर त्याने टकटक केलं, पंपाने तिच्यात हवा भरली, वर पाणी भरलं आणि "झो, फेर्टिश", झालं काम, असं म्हणत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा खाली.

त्यानंतर तो फोनवरच भेटला. "जुन्या घरात होतं असं," तो म्हणाला. "रोज थोडं पाणी घालत जा. गुरुवारी येऊन बघतो, आठ ते बाराच्या मध्ये."

त्या गुरुवारी मी घरून काम केलं. बेल ऐकू यावी म्हणून अंघोळ टाळली, मीटिंगमध्ये एक कान दाराकडे. बारा वाजून गेले, कोणी नाही. फोन केला तर त्याला फ्लू. पुढच्या वेळी त्याची गाडी बंद. त्याच्या पुढच्या वेळी कुणाकडे तरी इमर्जन्सी. दुसऱ्या कंपन्यांना फोन केले, तर एक म्हणाली नवे ग्राहक घेत नाही, दुसरीकडे नुसतं मशीन बोलायचं. इथे राहणाऱ्या कुणालाही हे सांगितलं तर तो मान हलवतो आणि स्वतःची गोष्ट सांगायला लागतो.

म्हणून मग मी रोज पाणी घालायला लागले. सकाळी मुलीचा डबा भरायचा, तळघरात जायचं, होज लावायचा, काटा हिरव्यात आणायचा, नळ बंद करून ऑफिसला निघायचं. दूध तापवण्यासारखं ते अंगवळणी पडलं.

एकदा मी वर आले तेव्हा सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "रोज पाणी घालतेस, मग ते जातं कुठे?"

"अहो आई, जुनं घर आहे. पाइपात हवा असते, थोडी वाफ होते."

हायझुंग ही बंद वर्तुळासारखी असते, त्यातून वाफ कुठेही जात नाही, हे मला माहीत होतं. जादा पाणी ज्या नळीतून टपकतं तिच्याखाली मी बादलीही ठेवून पाहिली होती. ती कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी दुसरीकडे कुठेतरी जात होतं. ऑफिसात रोज काही गळत असतं आणि कोणी म्हणालं असतं "जुनी सिस्टिम आहे, होतं असं," तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. घरी मात्र मी त्या हायझुंगवाल्याचं वाक्य जपून ठेवलं. ते सोयीचं होतं.

या सगळ्यात सासूबाईंची शेजारच्या आजींशी गट्टी जमली होती. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते, त्यातले चार कुंपणावरून दिले. त्यावर आजींनी दालचिनीची बिस्किटं दिली. मग दुपारी मुलगी शाळेतून आली की दोघी तिकडे जाऊन बसायला लागल्या. मुलगी आजींच्या टेबलावर अभ्यास करायची आणि अधूनमधून दुभाषी व्हायची, म्हणजे तिच्या मनात असेल तेव्हा. एरवी दोघी म्हाताऱ्या आपापल्या भाषेत बोलायच्या आणि त्यांचं काही अडायचं नाही.

"त्या घरात कोट घालून बसतात गं," एके दिवशी सासूबाई म्हणाल्या. "खिडक्या सताड उघड्या. त्यांचंही यंत्र बिघडलंय का?"

"ते लुफ्टन, आई. इथे सगळेच करतात. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या उघडून घरातली हवा बदलतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते."

"दोन-तीनदा नाही. दिवसभर उघड्या असतात."

मी हसले. जर्मन लोकांचं लुफ्टन हा आमच्याकडे विनोदाचा विषय आहे, तसा मी तो विनोद केला आणि कामाला लागले.

मग एका बुधवारी जेवताना मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "ओमा म्हणते, तिची भिंत आजारी आहे." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते.

"आजारी म्हणजे?"

"काळी झालीय. आणि तिचा मुलगा रागावतो तिला."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बिस्किटांचा रिकामा डबा परत करायचं निमित्त काढून मी शेजारी गेले. आजींनी दार उघडलं. अंगात कोट, डोक्यावर लोकरीची टोपी. आत बाहेरच्याइतकाच गारठा होता. "माफ करा हं, गार आहे घर," त्या म्हणाल्या. बैठकीतलं एक कपाट भिंतीपासून ओढून पुढे आणलं होतं. त्याच्या मागे जमिनीपासून कमरेपर्यंत वॉलपेपर सुटून लोंबत होता, आणि खाली काळ्या-करड्या बुरशीचे मोठे मोठे डाग.

"मला आता जमत नाही बहुतेक," आजी म्हणाल्या. "मुलगा म्हणतो, मी नीट लुफ्टन करत नाही. म्हणून आता दिवसभर करते. तरी वाढतच चाललंय."

टेबलावर गुळगुळीत कागदाची दोन-तीन माहितीपत्रकं होती. कोलोनमधल्या वृद्धनिवासांची. त्यांचा मुलगा कोलोनला राहतो. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "तो म्हणतो, जिला खोलीची हवा सांभाळता येत नाही, तिने एकटं राहू नये. माझ्या भल्यासाठीच म्हणतो तो."

मी भिंतीवर तळवा टेकवला. भिंत ओली होती, आणि कोमट. त्या गोठलेल्या खोलीत ती एकच गोष्ट कोमट होती. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे आठवायला मला क्षणही लागला नाही. पलीकडे आमचं स्वयंपाकघर, सिंकखालचं कपाट, आणि त्याच्या मागून वर मुलीच्या खोलीकडे जाणारा हायझुंगचा पाइप. मी रोज सकाळी घातलेलं पाणी तापून इथे येत होतं.

मी हात काढून घेतला. आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"जुन्या घरांत होतं असं," मी म्हणाले.

माझ्या तोंडून हेच निघालं. मग मी डबा टेबलावर ठेवला, मुलीचं काहीतरी निमित्त सांगितलं आणि घरी आले.

नवऱ्याला फोन केला. तो नीट ऐकून घेणारा माणूस आहे, त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "नक्की कळल्याशिवाय बोलू नकोस. विम्याचं प्रकरण होईल. मी उद्या येतोच आहे. सोमवारी कोणाला तरी बोलावून तपासून घेऊ, मग सांगू." बोलणं शहाणपणाचं होतं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

शुक्रवारी सकाळी काटा खाली होता. बाहेर उणे सहा. वर सासूबाई गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या, मुलीला खोकला होता. मी होज लावला. आधीचं सगळं पाणी मी न कळता घातलं होतं, निदान कळत नाही असं म्हणायला जागा ठेवून. शुक्रवारचं पाणी तसं नव्हतं. पाइपात शिरणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, आणि त्यातलं थोडं आता कुठे जाणार हे मला माहीत होतं. काटा हिरव्यात आला. शनिवारीही मी तेच केलं.

रविवारी सकाळी होज हातात घेतला तर जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होत्या. आल्यापासून त्या तळघरात कधी उतरल्या नव्हत्या.

"ते बंद कर," त्या म्हणाल्या.

"आई, घर गार पडेल. तुमचे गुडघे..."

"माझं नाव पुढे करू नकोस."

त्या शेवटच्या पायरीवर बसल्या.

"मी रोज त्या भिंतीला पाठ टेकून बसते," त्या म्हणाल्या. "कपाट सरकवलंय ना, त्याच्या शेजारी खुर्ची घेते. तेवढीच ऊब असते तिथे. मला वाटायचं, आपल्या शेगडीची असेल. गुरुवारी तू तिकडून आलीस ती माझ्याकडे न बघता वर गेलीस. परवा पुन्हा हात लावून बघितला त्या भिंतीला. ओलं असताना गरम कसं लागेल? मला कळत नाही होय?"

मी म्हटलं, सोमवारी माणूस येणार आहे, मग सांगायचं ठरलंय.

"सोमवारी माणूस येऊ दे. पण ती बाई आजसुद्धा खिडक्या उघडून बसलीय, स्वतःला दोष देत. चल."

वर नवरा उठला होता. काय झालं विचारायच्या आतच सासूबाई त्याला म्हणाल्या, "तू पोरीजवळ बस." तो बसला.

शेजारी नेमका आजींचा मुलगा आलेला होता. साठीचा, सभ्य माणूस. त्याने आम्हाला बसायला सांगितलं. मी बसले नाही. इतकी वर्षं मी जर्मनमध्ये कामं करते, पण त्या दिवशी माझी क्रियापदं जागेवर येईनात. मी सांगितलं, की भिंतीतलं पाणी आमचं आहे. आमची हायझुंग गळतेय, प्लंबर येत नव्हता, म्हणून मी रोज पाणी भरत राहिले. तुमच्या आईंचं काही चुकलेलं नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"नोव्हेंबरपासून."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

त्याने उगाचच खिडकीबाहेर पाहिलं. "आज रविवार आहे," तो म्हणाला.

"हो."

आजींना कमी ऐकू यायचं. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. मुलाने त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सावकाश, सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि खिडकी बंद केली. मग दुसरी. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथलीही खिडकी लावल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा डोक्यावरची टोपी हातात होती.

"म्हणजे मी नीट लुफ्टन करत होते," त्या मुलाला म्हणाल्या.

"हो, आई," तो म्हणाला. त्याची मान खाली होती.

सासूबाईंना यातलं अक्षर समजलं नव्हतं. त्यांनी आजींचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि चोळायला लागल्या, लहान मुलांचा चोळतात तसा. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री आम्ही चौघं एका खोलीत इलेक्ट्रिक हीटर लावून झोपलो. सोमवारी विमा कंपनीने गळती शोधणारा माणूस पाठवला. त्याने थोडं पाणी भरून हायझुंग चालू केली. त्याच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात भिंत निळी दिसायची आणि एका ठिकाणी लाल ठिपका, आमच्या सिंकच्या बरोबर मागे. फरशा फोडल्या. पाइपच्या सांध्यावर गंज होता आणि त्यात तीळ अडकेल एवढं भोक. संध्याकाळपर्यंत तो तुकडा बदलला गेला. त्यानंतर काटा हललेला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी बेल वाजली. दारात आमचा हायझुंगवाला, हातात पेटी, तसाच हसतमुख. "सॉरी, जरा उशीर झाला," म्हणाला. मी त्याला काय काय सुनवायचं हे कितीदा ठरवलं होतं. पण तो समोर आला तेव्हा मला एवढंच आठवत राहिलं, की रोज थोडं पाणी घाला असं त्याने सांगितलं आणि मी आनंदाने मानलं. "दुसऱ्याकडून करून घेतलं," मी म्हटलं. "मग छानच," म्हणून तो गेला.

आजींच्या घरात भिंत वाळवायची यंत्रं लावली होती. ती चोवीस तास गुरगुरायची, तेव्हा घरात कुणाला राहणं शक्य नव्हतं, म्हणून मुलगा आईला काही आठवड्यांसाठी कोलोनला घेऊन गेला. सासूबाईंची आणि त्यांची निरोपाची धड भेटही झाली नाही. त्या काळातच, जानेवारीच्या अखेरीस, मी सासूबाईंना फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडलं होतं. आत जाताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मे महिन्यात येईन. आणि कशासाठी बोलावताय ते सरळ सांगा. मी नाही म्हणाले नसते." मी त्यांना वाकून नमस्कार केला.

मार्चमध्ये भिंत कोरडी झाली, नवा रंग लागला. एप्रिलमध्ये सामानाचा ट्रक आला. आजी मुलाच्या गाडीतून उतरल्या, चांगल्या दिसत होत्या. घर विकायचं ठरलं होतं. "कोलोन छान आहे," त्या मला म्हणाल्या. "नातवंडं येतात दर आठवड्याला."

"भिंतीमुळे जाताय का?" मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आले होते.

"नाही, नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर थोपटलं. मग गाडीकडे जाता जाता थांबल्या. "त्या थंडीत मी जरा जास्तच दमले," त्या म्हणाल्या. "त्याआधी मला वाटायचं, अजून काही वर्षं निघतील."

जाताना मुलाने माझ्याशी हात मिळवला. "तुम्ही येऊन सांगितलंत, हे चांगलं केलंत," तो म्हणाला. त्याला माझा राग नव्हता, ते दिसत होतं. मी मान हलवली.

आता तिथे एक तरुण जोडपं राहायला आलंय, तान्ह्या बाळासकट. आल्या आल्या त्यांनी कुंपणापाशी आम्हाला विचारलं, बैठकीतल्या भिंतीवरचा रंग नवा दिसतोय, तिथे काही झालं होतं का? मी त्यांना सगळं सांगितलं. पाइप, हायझुंगवाला, भिंतीची बुरशी, आजींची उघडी खिडकी, गुरुवार आणि रविवार, मधलं शुक्रवारचं आणि शनिवारचं पाणी. त्यांना भिंत आता कोरडी आहे ना एवढंच जाणून घ्यायचं होतं. माझा नवरा शेजारी उभा होता, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण थांबवलं नाही. त्या दोघांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग बाळ रडायला लागलं, आणि ते त्याला घेऊन आत गेले.